मराठी विभागातलं गणित

विजया दासरी गेल्या, ही बातमी मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. वर परीक्षा विभागाचं परिपत्रक, खाली कुणाच्या तरी नव्या गाडीचा हार घातलेला फोटो, आणि मध्ये प्राचार्यांचा मजकूर: "उपक्रमशील प्राध्यापिका, गणिताच्या विद्यार्थ्यांचा आधारवड, आपल्यातून निघून गेल्या." त्याखाली एका सद्गृहस्थानं अंगठा दाखवला होता. तो गाडीसाठी होता की बाईंसाठी, हे मला अजून कळलेलं नाही. मी सात रस्त्यावर एका गाड्यापाशी पोहे खात उभा होतो. बशी हातात तशीच राहिली. पहिल्यांदा दुःख झालं असं लिहिलं तर ते पुरवणीला शोभून दिसेल. पण खरं सांगतो, पहिल्यांदा आला तो संताप. आधारवड म्हणे. ज्या बोटांनी हा शब्द टाईप केला, त्याच बोटांनी या वडाखाली बसलेल्या पोरांना उठवून लावलं होतं. आदल्याच दिवशी त्या माझ्यासमोर बसून एका पोराला सांगत होत्या, "तुझी बार्शीची गाडी चुकली तर मी आईला फोन करेन, पण ही ओळ पूर्ण केल्याशिवाय उठायचं नाही..." आणि मग घरी गेल्या, जेवल्या, झोपल्या, आणि उठल्याच नाहीत. निवृत्त झालेल्या, पण तरीही रोज कॉलेजात येणाऱ्या बाईनं एवढ्या चुपचाप जावं, हे मला पटलेलं नाही. कुणाशी भांडायचं तेही कळत नाही. म्हणून ज्यांच्याशी भांडता येतं त्यांच्याशी भांडतो.

आधी माझी ओळख सांगतो. मी मराठी शिकवतो, आडनाव गुरव. गणिताचं आणि माझं वैर जन्मजात आहे. दहावीला मी गणितात पास झालो तो चमत्कार होता. माझा पेपर हातात आला त्या दिवशी परीक्षकाला मुलगा झाला असणार, दुसरं कारण संभवत नाही. पुढे नोकरीला लागल्यावर पगाराची स्लिप बघूनसुद्धा मला घाम फुटायचा, आणि सोलापुरात घाम फुटायला वेगळ्या कारणाची गरज नसते. आमच्याकडं मे महिन्यात सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. अशा माणसाची गणिताच्या विभागप्रमुखाशी मैत्री व्हायचं कारण नव्हतं. पण स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि दोघांच्याही डब्यात शेंगाचटणी असायची. त्यांची माझ्यापेक्षा तिखट. विजयाबाईंच्या घरची चटणी एकदा मी चमचाभर खाल्ली, तर समोर बसलेल्या इतिहासाच्या सरांच्या डोळ्यांना पाणी आलं.

बाई साखर पेठेकडच्या, विणकरांच्या घरातल्या. वडील मागावर, आई घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, चौथीपर्यंतची शाळाही तेलुगू. पाचवीला मराठी शाळेत टाकलं तेव्हा म्हणे पहिले सहा महिने त्या फक्त गणिताच्या तासाला तोंड उघडत, कारण आकड्यांना भाषा लागत नाही. मग कॉलेजात आल्या तर तिथं सगळं इंग्रजीत, आणि आकडेच गायब. गणिताच्या पुस्तकात नुसती वाक्यं. "गुरव सर, मला वाटलं चुकून तुमच्या विषयाचं पुस्तक दिलंय," असं त्या मला सांगायच्या. पहिलं वर्षभर त्या शेवटच्या बाकावर बसून राहिल्या. विचारायचं कुणाला आणि काय म्हणून, तेच कळेना. आई म्हणाली, नसेल जमत तर ये, विड्या वळायला दोन हात कमीच पडतात. त्या गेल्या नाहीत. कसं निभावलं ते कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणायच्या, "तेव्हा एक उघडं दार असतं ना, तर वर्ष वाचलं असतं."

ते दार त्यांनी स्वतः उघडलं. आमच्या तळमजल्यावर रसायनशास्त्राची जुनी कोठी होती. वास असा, की उंदीर तोंडाला रुमाल बांधून हिंडत. बाईंनी ती मागून घेतली, घासूनपुसून एक लांब टेबल टाकलं, भोवती बाकडी, आणि दार सताड उघडं. वेळापत्रक नाही, नावनोंदणी नाही, हजेरी नाही. ज्याचं अडलं त्यानं यायचं, सुटलं की जायचं. कुणी पाच मिनिटं बसायचं, कुणी अख्खी दुपार. त्यामागं कारण होतं. आमची निम्मी पोरं एस्टीवर जगतात. माढ्याची गाडी एका वेळेला, बार्शीची दुसऱ्या, टेंभुर्णीची तिला मनात येईल तेव्हा. शेवटच्या तासाची घंटा आणि कंडक्टरची घंटा, या दोन घंटांच्या मध्ये जेवढा वेळ उरतो तेवढंच त्या पोरांचं विद्यापीठ. त्यात कसलं वेळापत्रक बसवणार?

टेबलावर नियम एकच होता. "मला गणित येत नाही" असं म्हणायचं नाही. कुठं अडलं तिथं बोट ठेवायचं. पोरगं यायचं, पान उघडायचं आणि म्हणायचं, "मॅडम, हे सगळंच." बाई म्हणायच्या, "सगळं नसतं अडत रे. पहिली ओळ कळली?" "व्हय." "दुसरी?" "व्हय." "पुढं चल." आणि बोट हळूहळू खाली सरकत एका ठिकाणी थांबायचं... तिथं बाई म्हणायच्या, "सरे, चेप्पू." बरं, सांग आता. बार्शीच्या, माढ्याच्या पोरांना तेलुगूतले हे दोनच शब्द यायचे, पण ते असे पाठ, की बाहेर रिक्षावाल्यालाही "चेप्पू" म्हणायची. पेन पोराच्याच हातात राहायचं. बाईंनी उभ्या जन्मात कुणाला गणित सोडवून दिलं नाही. काही पोरं त्यावरून चिडायची, "येत असून सांगत न्हाईत" म्हणत पाय आपटत निघून जायची, आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत यायची.

अडायचं कारण पोरांच्या डोक्यात नव्हतं, हे लिहायलाच हवं, कारण खापर नेहमी त्यांच्यावरच फुटतं. बारावीपर्यंत आपण त्यांना गणित शिकवतच नाही. टाईप शिकवतो. या टाईपचं आलं तर असं करायचं, त्या टाईपचं आलं तर तसं. क्लासवाले भिंतीएवढ्या अक्षरात हमी देतात, पोरं घोकतात, मार्कांचा पाऊस पडतो, आणि तीच पोरं कॉलेजात आली की पहिल्याच प्रश्नात लिहिलेलं असतं, "सिद्ध करा." पोरगं इकडंतिकडं बघतं आणि विचारतं, "सर, हे कोणत्या टाईपचं?" वर्गात शंभर डोकी, सरांना अभ्यासक्रम संपवायची घाई, फळ्यावर इंग्रजी. सर म्हणतात, "हे तुम्हाला यायला हवं होतं." कधी यायला हवं होतं, कुठून यायला हवं होतं? हे वाक्य बोलणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला एक महिना जपानीतून मराठी व्याकरण शिकवावं, असा ठराव मी स्टाफ मीटिंगमध्ये मांडला होता. इतिवृत्तात तो आला नाही.

टेंभुर्णीची कोमल याच फेऱ्यात सापडली. वडिलांचं हायवेच्या चौकात पंक्चरचं दुकान. बारावीला गणितात पैकीच्या पैकी, तालुक्यात पहिली. मग काय, शाल, नारळ, सत्कार, आणि चौकात भलामोठा फ्लेक्स: डावीकडं कोमल, उजवीकडं आमदारकीची स्वप्नं बघणारे एक भाऊ, भाऊंचा चेहरा कोमलच्या चौपट. त्या फ्लेक्सला सोलापूर-पुणे रस्त्यावरचा ट्रकवाला न् ट्रकवाला ओळखत होता. पोरगी आमच्याकडं बीएस्सीला आली आणि पहिल्याच चाचणीत गणितात कोसळली. दर शनिवारी एस्टी त्या फ्लेक्सखालूनच जायची. कोमल म्हणायची, "सर, मी खिडकीच्या त्या बाजूला बसतच न्हाय. ती वरची कोमल माझ्याकडं बघती."

ती पहिल्यांदा टेबलापाशी आली तेव्हा मी तिथंच होतो, डबा घेऊन. बराच वेळ दारातून दोनदा पुढं, तीनदा मागं. मग आत आली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हितं लिहिलंय, लेट एप्सिलॉन बी गिव्हन. पर देतंय कोण ह्यो?"

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वैरी देतो. त्याला सिद्ध करायचंय की तुला नेम धरता येत नाही. तो म्हणतो, उत्तर इतकं जवळ आणून दाखव. ते 'इतकं' म्हणजे एप्सिलॉन. आता बघ, हे दोन एक्स अधिक तीन. मी तुझी वैरीण. मला उत्तरात एक दशांशापेक्षा जास्त फरक चालणार नाही. तू एक्स किती जवळ ठेवशील?"

कोमलनं पेन चावलं, दोन ओळी खरडल्या. "त्याच्या निम्म्यात."

"एक शतांश दिला तर?"

"त्याच्या बी निम्म्यात."

"मी लई चिंगूस आहे. अजून बारीक देईन."

"द्या की. कितीबी बारीक द्या. मी त्याच्या निम्मं धरनार."

"झालं," बाई म्हणाल्या. "हेच सिद्ध करायचं होतं. आता तू जे बोललीस ते लिही."

कोमलनं खरंच ते लिहिलं, मराठीत, आणि खाली इंग्रजीत. सांगायला लाज नाही, मलाही कळलं. पन्नाशी गाठलेल्या मराठीच्या मास्तराला एप्सिलॉन कळला, यावर त्या दिवशी सोलापूरच्या आकाशात एखादा तारा जास्त उगवला असेल तर तो माझा आहे.

त्यानंतर ही पोरगी रोज येऊ लागली, आणि तिच्यामागून इतरही. टेबलाला जागा पुरेना. सगळं बरं चाललेलं आमच्या प्राचार्यांना बघवलं नाही, असं म्हणणार होतो. पण त्यांच्यावर अन्याय नको. त्यांनी ते कधी बघितलंच नव्हतं. कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार होती. समितीला हवे असतात पुरावे. दुबळ्या विद्यार्थ्यांसाठी आपण काय करतो? वेळापत्रक? हजेरी? फोटो? प्राचार्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, तुमचं ते टेबल आपण दाखवू, फक्त जरा रीतसर करा. संध्याकाळी पाच ते सहा ठेवा, नावं नोंदवा. बाई म्हणाल्या, पाचला पोरं एस्टीत असतात. आणि नाव नोंदवायचं म्हणजे कुणीतरी आपल्याला कमी म्हटल्याची सही करायची. कोण येईल? प्राचार्य म्हणाले, "मॅडम, येतील न येतील, आपल्याकडं रेकॉर्ड पाहिजे." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. देवळात देव नसला तरी चालेल, वहीत नैवेद्य चढला पाहिजे.

बाई ऐकेनात, म्हणून बाई एका लग्नासाठी रजेवर असताना काम उरकलं. कोठीच्या दारावर पाटी लागली: "स्लो लर्नर्स रेमेडियल कक्ष". आणि दर्शनी फलकावर, जिथं सगळं कॉलेज चहाला जाताना थांबतं, चाचणीत कमी पडलेल्या मुलांची नावं. स्लो लर्नर्स, प्रथम वर्ष विज्ञान. तिसरं नाव कोमलचं. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला, आणि कोमलची एस्टी मोडनिंबला पोचायच्या आत तो टेंभुर्णीच्या चौकात फ्लेक्सखाली उभ्या असलेल्या पोरांच्या हातात होता.

सोमवारी कोमल आली नाही. मंगळवारी टेबल रिकामं. त्या पाटीखालून आत शिरायला कुणाची हिंमत? जी पोरं दारात घोटाळत असत, तीही आता लांबून वळसा घालून जिन्याकडं जाऊ लागली. बाई एकट्याच टेबलापाशी बसल्या होत्या. मी डबा घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "चला, टेंभुर्णीला जायचंय." मी म्हणालो, आत्ता? म्हणाल्या, "नाही, पुढच्या मूल्यांकनाला."

पंक्चरच्या दुकानात कोमलचे वडील एका ट्रकच्या चाकाशी झटत होते. कोमल आत, पडद्यामागं. वडिलांनी हात पुसले, आम्हाला खुर्च्या दिल्या, आणि फार सभ्यपणे म्हणाले, "बाई, तुमी मोठी मान्सं. मला एकच सांगा. चौकात पोरीला हुशार म्हनून टांगलीया, अन् कालेजात मंद म्हनून. हाय काय ती नक्की?"

बाई म्हणाल्या, "दोन्ही नाही. अडलीय."

"म्हंजी?"

"तुमच्याकडं हा ट्रक आलाय. तो मंद आहे का?"

"न्हाय. पंक्चर हाय."

"काय करता मग?"

"टूब काडायची, पान्यात बुडवायची, बुडबुडा कुटं येतोय बघायचं."

"मी तेवढंच करते. तिचा बुडबुडा सापडलाय, ठिगळ पण तिनंच लावलं. आता तिला परत पाठवा."

मला वाटलं, जिंकलो. असा दाखला मला सुचला असता तर मी त्यावर तीन व्याख्यानं दिली असती. पण ते गृहस्थ हवा भरायच्या नळीकडं बघत हळूच म्हणाले, "बाई, ट्रकला कुनी हसत न्हाय की."

विजयाबाई उठल्या, त्यांना नमस्कार केला. परतीच्या गाडीत कुर्डुवाडी फाट्याच्या पुढं कधीतरी म्हणाल्या, "खरंय त्यांचं. मी म्हणत होते, अडण्यात काय लाज. पण लाज त्या पोरीनं आणली नाही ना. ती आपण कॉलेजातून पाठवली, घरपोच."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, सगळं कॉलेज हजर असताना, बाई दर्शनी फलकापाशी गेल्या. फलकाला काच होती, कुलूप होतं; चावी शिपायाकडून राजरोस मागून घेतली. मला वाटलं, यादी फाडणार. त्यांनी फाडली नाही. जाड पेन काढलं आणि पहिल्या नावाच्या वर, स्वच्छ अक्षरात लिहिलं: प्रा. विजया दासरी, गणित विभागप्रमुख. मग पेन माझ्याकडं दिलं. माझा तर हक्कच होता. मी माझं नाव इतकं मोठं लिहिलं, की ते वाचायला लोक समोरच्या गेटपर्यंत मागं सरकले.

मेमो आला, अर्थात. अधिकृत सूचनेचे विद्रूपीकरण. बाईंनी उत्तर दिलं, त्याची भाषा मी तपासून दिली होती, त्यामुळं पाठ आहे: "मंद विद्यार्थी म्हणजे ज्याला एखादी गोष्ट समजायला वेळ लागतो, असा अर्थ मी घेतला. अभ्यासक्रमातली प्रमेयं मी नोकरीला लागल्यापासून शिकवते आहे आणि अजून मला त्यांत नवं काही सापडतं. यापेक्षा जास्त वेळ कॉलेजात कुणाला लागला असेल, तर त्यांचं नाव वर घ्यावं." यादी दोन दिवसांत फलकावरून उतरली. कारण दिलं, की फलक रंगवायचा आहे. फलक आजतागायत रंगवलेला नाही. कोमल पुढच्या सोमवारी आली. वडिलांनी गाडीवर आणून सोडलं, गेटपर्यंत नाही, थेट टेबलापर्यंत.

पण पाटी राहिली. समिती आली, कक्षाचे फोटो काढले, बाकड्यांवर एनसीसीची पोरं बसवली होती. ती दिसली मात्र फार शिस्तीत मंद. त्यानंतर बाईंनी त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. टेबल उचललं. वाचनालयात नेलं, तर तिथं बोलायचं नाही. कँटीनमध्ये नेलं, तर तिथं बोललेलं ऐकू येईना. शेवटी एक दिवस टेबल, बाकडी आणि विसेक पोरांची वरात पहिल्या मजल्यावर आली आणि बाई माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गुरव सर, तुमच्या विभागाकडं तसंही कुणी फिरकत नाही ना?"

असं मराठी विभागात गणित सुरू झालं. दारावर पाटी "मराठी विभाग", त्यामुळं आत शिरणाऱ्याला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. मराठीत कच्चं असण्याची महाराष्ट्रात कुणालाच लाज वाटत नाही. मी एका टोकाला निबंध तपासायचो, दुसऱ्या टोकाला "सरे, चेप्पू" चालायचं. प्राचार्य एकदा तिथून जाताना ही गर्दी बघून थबकले आणि स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी मराठी विभागाच्या लोकप्रियतेबद्दल माझं जाहीर अभिनंदन केलं. मी नम्रपणे स्वीकारलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच वेळ. निवृत्तीचा सत्कार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला हजर. मी म्हटलं, अहो, आता तरी घरी बसा. म्हणाल्या, "घरी कुणाचं अडत नाही हो."

...आणि मग तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा आधारवड.

शोकसभा सभागृहात झाली. हार घातलेला फोटो, समई, मोबाईलवर बोलत आत-बाहेर करणारे मान्यवर. प्राचार्य रडवेल्या आवाजात बोलले. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी बाईंनी जो कक्ष उभारला त्याला आम्ही आधुनिक रूप देणार आहोत, एसी बसवणार आहोत, आणि त्याचं नामकरण करणार आहोत: "कैलासवासी प्रा. विजया दासरी स्लो लर्नर्स सेंटर". टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या. माझ्या शेजारी कोमल बसली होती. ती आता बार्शीच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. तिनं माझा दंड धरला होता, तिची नखं माझ्या दंडात रुतली. मला वाटलं, ही आता उठून काहीतरी बोलणार. ती उठली नाही. सभा संपेपर्यंत बसली, फुलं वाहिली, आणि मग मला म्हणाली, "सर, चला केबिनला."

प्राचार्यांनी चहा मागवला. कोमल म्हणाली, "सर, ह्या नावाची पाटी लावू नका. बाईंनी ज्या शब्दामुळं ती खोली सोडली, तोच शब्द त्यांच्या नावाला जोडताय तुम्ही."

"बाळ, भावना समजतो. पण निधी ज्या शीर्षाखाली आलाय, ते नाव लावावं लागतं."

"मग बाईंचं नाव काढा."

"असं कसं? त्यांची स्मृती..." प्राचार्य खरोखरच गोंधळले. त्यांना वाईट माणूस म्हणता येत नाही, आणि माझी सगळी पंचाईत तीच आहे. "बरं, तूच सांग. दारावर काय लिहायचं?"

"काही लिहू नका. दार उघडं ठेवा."

प्राचार्यांनी थोडा विचार केला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "दार उघडं ठेवलं तर एसीचा काय उपयोग?"

मी आजवर पुष्कळ कथा सांगितल्या, निम्म्या रचून सांगितल्या. हे वाक्य मी रचलेलं नाही. माझी तेवढी कुवत नाही.

सेंटर झालं. पाटी पितळेची आहे. आत खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, आणि काचेचं दार आपोआप बंद होतं. बाईंचा फोटो एसीच्या बरोबर खाली आहे. त्या बिचाऱ्या पंख्याच्या वाऱ्यानंही गारठायच्या. आत कुणी जात नाही. वर माझ्या विभागात मात्र बाई गेल्यावर चार दिवस शांतता होती. मी निबंध तपासत बसलो, आणि निबंध इतके वाईट कधी वाटले नव्हते. पाचव्या दिवशी दुसऱ्या वर्षाची दोन पोरं आली, टेबल पुसलं, बसली. मग पहिल्या वर्षाची एक आली. तिला बाई माहीतही नव्हत्या. शनिवारी कोमल बार्शीहून येते. एरवी ज्याचं सुटलंय तो ज्याचं अडलंय त्याच्याशेजारी बसतो. मला कुणी काही विचारत नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

गेल्या आठवड्यात दुपारी प्राचार्य स्वतः जिना चढून आले. घामाघूम. सेंटर बघायला पाहुणे आलेले, गाडी गेटवर लागलेली, आणि आत प्लास्टिक घातलेल्या खुर्च्या. दारातूनच म्हणाले, "गुरव, जरा दहा-पंधरा पोरं खाली पाठवा हो. अर्धा तास फक्त. थंड आहे तिथं." मी निबंधातून मान वर केली नाही. पोरांना ठरवू दे.

टेबलापाशी माढ्याकडची एक पोरगी होती, यंदाच आलेली. विजयाबाईंच्याच खुर्चीत मांडी घालून बसलेली, पेन दातात, बोट वहीवर रोवलेलं. तिनं कोण आलंय ते बघितलं. उठली नाही, बोटही उचललं नाही.

"जरा थांबा सर," ती म्हणाली, "अडलंय माझं."

सगळ्या पोरांसमोर, सगळ्या कॉलेजच्या प्राचार्याला, गावात हाक मारावी तशा मोकळ्या आवाजात. शेजारच्या पोरानं वही तिच्याकडं सरकवली. कुणी हसलं नाही.

प्राचार्य थांबले. बसायला खुर्ची रिकामी नव्हती.